गाडीतील फेरबदल, वॉरंटी आणि आपली अमानत




व्यवहारातील प्रामाणिकपणाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर तराजू उभा राहतो. ते स्वाभाविक आहे. मापात कसूर करणाऱ्यांना सूरह मुतफ्फिफीनच्या आरंभीच कठोर इशारा दिलेला आहे. परंतु आज सामान्य कुटुंबाचे मोठे व्यवहार तराजूवर होत नाहीत, ते कागदावर होतात. घराचा करारनामा, दुकानाचा भाडेपट्टा, गाडीची वॉरंटी हे सारे कागदच. या कागदांत माप कोठे मारले जाते ते सहजी दिसत नाही, म्हणून ते मनालाही टोचत नाही.

शिवडीसारख्या बंदराला लागून असलेल्या वस्तीत गाडी ही चैनीची वस्तू नाही. झकेरिया बंदर मार्गाने गोदामांकडे जाणारे टेम्पो आणि ट्रक, भाड्याने चालणाऱ्या टॅक्सी, १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या शिवडी–न्हावाशेवा अटल सेतूवरून प्रवासी नेणाऱ्या गाड्या, यांवर कित्येक घरांची चूल पेटते. साहजिकच या वस्तीतील मशिदींत नमाजनंतर जे मसले विचारले जातात, त्यांत गाडीचेही असतात. त्यांतील एक असा: पेट्रोलची गाडी घेतली, जास्तीचे पैसे भरून वाढीव वॉरंटीही घेतली. पुढे इंधनाचा खर्च परवडेना म्हणून बाहेरून सीएनजी किट बसविले. आता इंजिनात बिघाड झाला आहे. सर्व्हिस सेंटरला नेण्यापूर्वी किट काढून ठेवले, तर त्यात गुनाह आहे का? वॉरंटीचे पैसे तर आपण मोजलेलेच आहेत.

प्रश्न विचारणारा लबाड नसतो. इंजिनाच्या दुरुस्तीत त्याची कित्येक महिन्यांची कमाई जाणार असते आणि तितके दिवस गाडीही बंद राहणार असते. म्हणून या प्रश्नाला "खोटे बोलू नका" एवढे उत्तर देऊन त्याची पाठवणी करणे योग्य होणार नाही. त्याचा हक्क कोठवर आहे आणि कोठे संपतो, हेही त्याला समजले पाहिजे.

वॉरंटीचे वचन नेमके कशाचे असते?

नव्या गाडीबरोबर मिळणारी मूळ वॉरंटी गाडीच्या किमतीतच धरलेली असते. ठरावीक वर्षे किंवा ठरावीक किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तेथे ती संपते. वाढीव वॉरंटी ही त्यापुढील काळासाठी वेगळे पैसे देऊन घेतलेली हमी होय. साहित्यात किंवा बनावटीत दोष निघाला तर कंपनी तो भाग दुरुस्त करील अथवा बदलून देईल, हा दोन्हींचा गाभा आहे. वापराने झिजणारे भाग, अपघाताचे नुकसान, वेळेवर सर्व्हिसिंग न केल्याने झालेला बिघाड या गोष्टी सामान्यतः वगळलेल्या असतात. बाहेरून केलेले फेरबदलही त्याच यादीत असतात. काही पुस्तिकांत फेरबदलामुळे झालेले नुकसानच वगळलेले असते, तर काहींत फेरबदल आढळल्यास संपूर्ण हमी रद्द करण्याचा अधिकार कंपनीने राखून ठेवलेला असतो. या दोहोंत मोठे अंतर आहे आणि ते सही करण्यापूर्वीच वाचून घ्यावयाचे असते.

फेरबदल का वगळले जातात, याला कंपनीच्या स्वार्थापलीकडेही कारण आहे. सीएनजी हा कोरडा वायू आहे. पेट्रोलच्या थेंबांनी व्हॉल्व्ह आणि त्यांच्या बैठकीला जो थोडा गारवा व ओलावा मिळतो, तो वायूवर मिळत नाही; त्यामुळे त्या बैठका लवकर झिजतात. कारखान्यातूनच सीएनजीवर येणाऱ्या गाडीत त्या सामान्यतः अधिक कठीण धातूच्या घातलेल्या असतात, पेट्रोलसाठी बनलेल्या गाडीत तशा असतीलच असे नाही.

हेडलाइटचे उदाहरण त्याहूनही सोपे आहे. मूळ बल्ब ६०/५५ वॅटचा असतो. त्याच्या जागी त्याच वायरीवर १०० वॅटचा बल्ब लावला, तर बारा व्होल्टवर पाच अँपिअरऐवजी आठाहून अधिक अँपिअर प्रवाह वाहतो. वायरीतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे जवळपास पावणेतीन पट होते. होल्डर वितळतो, वायरीचे आवरण जळते, आणि मग वायरिंग निकृष्ट असल्याची तक्रार केली जाते. टेम्पोला जास्तीचा कमानपाटा घालून घेतला की स्प्रिंग अधिक वजन पेलते खरी, परंतु अॅक्सल, चासी आणि ब्रेक पूर्वीइतकेच राहतात. आरसी पुस्तकातील वजनाची मर्यादाही वाढत नाही.

याच्या उलट बाजूही तितकीच खरी आहे. बल्ब बदलला म्हणून गिअरबॉक्स बिघडत नाही. सीट कव्हर किंवा म्युझिक सिस्टिम बसविली म्हणून पॉवर स्टिअरिंग नादुरुस्त होत नाही. तेथे फेरबदलाचे निमित्त करून कंपनीने हात झटकले, तर तो ग्राहकावर अन्याय होय.

देशाचा कायदा

येथे देशाच्या कायद्याकडेही पाहिले पाहिजे. नागरिक म्हणून तोही आपण स्वीकारलेला करारच आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांपासून वेगळे ठरतील असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्टपणे सांगितले. इंधन बदलण्याची वाट कायद्याने मोकळी ठेवली आहे. मात्र किट मान्यताप्राप्त असले पाहिजे, बदलाची नोंद आरसी पुस्तकात झाली पाहिजे आणि सिलिंडरची तपासणी दर तीन वर्षांनी केली पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरबदलासाठी प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

म्हणजे फेरबदल तीन प्रकारचे झाले. पहिला कायद्याला आणि कंपनीला दोघांनाही मान्य असलेला. दुसरा कायद्याला मान्य, परंतु वॉरंटीतून वगळलेला. नोंदणी केलेले सीएनजी किट बहुधा याच प्रकारात मोडते. तिसरा कायद्यानेच निषिद्ध ठरविलेला. कान फाडणारा सायलेन्सर या तिसऱ्या प्रकारातला आहे. त्याने वॉरंटी जाईल ही नंतरची गोष्ट. आधी तो गल्लीतील आजाऱ्याची, तान्ह्या मुलाची झोप मोडतो आणि शेजाऱ्याचा हक्क बुडवितो.

रंगविलेले कापड

आता शरीअतकडे येऊ. "वॉरंटी ही आजची गोष्ट, जुन्या किताबांत तिचे काय असणार?" असे कोणी म्हणेल. वास्तविक हा प्रश्न फुकहांनी फार पूर्वीच हाताळलेला आहे. त्यांच्यापुढे गाडी नव्हती, कापड होते.

मदरशांतून शतकानुशतके शिकविल्या जाणाऱ्या 'हिदाया' या हनफी ग्रंथात खरेदीनंतर सापडलेल्या दोषाचे सविस्तर विवेचन आहे. माणसाने कापड विकत घेतले आणि त्यात विक्रेत्याकडचाच जुना दोष निघाला, तर ते परत करण्याचा त्याला अधिकार आहे. परंतु कापड कापून शिवल्यावर किंवा लाल रंगात रंगविल्यावर दोष सापडला, तर? आता ते परत करता येणार नाही, कारण त्यात खरेदीदाराची स्वतःची भर मिसळलेली आहे आणि ती वेगळी काढता येत नाही. तरीही त्याचा हक्क पूर्णपणे बुडत नाही. जुन्या दोषामुळे किंमत जितकी कमी होते, तितकी रक्कम त्याला विक्रेत्याकडून मागता येते. मात्र दोष कळल्यानंतरही त्याने वस्तू स्वतःची म्हणून विक्रीला काढली, तर त्याने दोष स्वीकारला असे धरले जाते.

कोकणातून मुंबईत स्थायिक झालेली आपली बरीच कुटुंबे शाफई मसलकाची आहेत. तपशिलात त्यांच्याकडील नियम वेगळे आहेत, परंतु विक्रेत्याकडून आलेला जुना दोष आणि खरेदीदाराकडे उत्पन्न झालेला नवा दोष यांचा हिशेब वेगवेगळा मांडावा, हे तत्त्व तेथेही मान्य आहे. दोष कोणाकडचा याविषयी वाद झाला, तर जाणकारांना विचारावे. पुरावा आणण्याचा भार खरेदीदारावर असतो, आणि पुरावा नसेल तर विक्रेत्याचे म्हणणे शपथेवर मानले जाते.

वॉरंटी या जुन्या नियमाच्या एक पाऊल पुढे जाते. ताब्यानंतर उद्भवलेल्या दोषाचीही जबाबदारी विक्रेता स्वीकारतो. अशी अट घालणे वैध आहे का? उस्मानी साम्राज्यात १८६९ ते १८७६ या काळात हनफी फिक्हच्या आधारे 'मजल्ला' हा दिवाणी कायदा सिद्ध झाला. प्रदेशात रूढ असलेली अट घालून केलेली विक्री आणि ती अट, दोन्ही त्यात वैध मानलेली आहेत. कुलूप विकणाऱ्याने ते दाराला ठोकून द्यावे, अशा अटीचे उदाहरणही तेथे आहे. किमतीतच धरलेली कंपनीची हमी याच धर्तीवर समजून घेता येते. वेगळे पैसे देऊन घेतलेल्या वाढीव वॉरंटीबाबत मात्र उलेमांत मतभेद आहेत. काहींना त्यात विम्यासारखी अनिश्चितता, म्हणजे गरर, दिसते. काही जण तिला देखभालीचा करार मानतात. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९९८ साली मनामा येथील अधिवेशनात देखभालीच्या करारांचा त्यांच्या प्रकारांनुसार स्वतंत्र विचार केला होता. म्हणून वाढीव वॉरंटी घेण्यापूर्वी आपल्या विश्वासातील आलिमांना तिचा कागद दाखवून विचारावे. एकदा ती घेतली की मात्र तिच्या अटी झाकून फायदा उपटणे कोणत्याही मसलकात वैध नाही. सूरह माइदाची पहिलीच आयत श्रद्धावंतांना करार पाळण्याची आज्ञा देते.

"मी माझा हक्कच तर घेतो आहे"

यानंतर जो आक्षेप येतो तो विचार करण्याजोगा आहे. "बिघाड किटमुळे झालेला नाही, हे मला ठाऊक आहे. दोष मुळातच होता. परंतु किट दिसले की कंपनी माझे काहीच ऐकणार नाही. मग किट लपवून मी कोणाचे काय घेतो? माझाच बुडणारा हक्क वाचवितो."

या आक्षेपाला फिक्हमध्ये आधार मुळीच नाही, असे म्हणता येणार नाही. उत्बा यांच्या कन्या हिंद (रजि.) यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे तक्रार केली की, पती अबू सुफ्यान (रजि.) घरखर्चाला पुरेसे देत नाहीत. तेव्हा त्यांच्या संपत्तीतून स्वतःला आणि मुलांना रीतीप्रमाणे पुरेल इतके घेण्याची मुभा त्यांना मिळाली. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. हक्क अडवून ठेवणाऱ्याकडून तो त्याच्या संमतीविना घेता येतो का, ही चर्चा फुकहांनी याच हदीसवरून केली आहे. शाफईंकडे ही मुभा अधिक विस्तृत आहे, हनफींकडे अधिक मर्यादित.

परंतु वाचकहो, दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहा. पत्नी-मुलांचा उदरनिर्वाह हा निश्चित हक्क होता; तो आहे की नाही याविषयी वादच नव्हता. शिवाय तो मिळविण्यासाठी कोणापुढे खोटी हकीकत मांडावी लागली नाही. इंजिनाच्या बाबतीत नेमका हाच प्रश्न अनिर्णित असतो की दोष कोणाचा. व्हॉल्व्ह धातू निकृष्ट असल्यामुळे गेला की वायूमुळे झिजला, हे इंजिन उघडून तपासल्यावर जाणकार सांगू शकेल, आणि तेही गाडी कशावर धावली हे त्याला माहीत असेल तरच. किट काढून ठेवणारा माणूस आपला हक्क घेत नाही. तो आपल्याच खटल्यात न्यायाधीश होऊन बसतो आणि समोरच्याच्या हातचा पुरावाही काढून घेतो. त्याचे म्हणणे कदाचित खरेही असेल, परंतु ते खरे आहे हे कळण्याची वाट त्याने स्वतःच बंद केलेली असते. रंगविलेल्या कापडाच्या मसल्यात खरेदीदाराला जुन्या दोषाची भरपाई मिळते, कारण रंग सर्वांना दिसतो. तो लपविला, तर जुन्या आणि नव्या दोषाचा हिशेबच मांडता येत नाही.

"कंपनी एवढी मोठी, तिला काय फरक पडतो? तीही ग्राहकाला फसवितेच ना?" असेही म्हटले जाते. हिजरतच्या रात्रीचे स्मरण करावे. ज्या मक्कावासीयांनी प्रेषित (स.) यांच्या हत्येचा कट रचला होता, त्यांच्याच ठेवी परत करण्यासाठी आपण (स.) ह. अली (रजि.) यांना मागे ठेवले. शत्रूची अमानतही अमानतच राहिली. सूरह माइदाच्याच आठव्या आयतीत, एखाद्या समुदायाविषयीच्या वैरामुळे न्याय सोडू नका, अशी ताकीद आहे. आणि सूरह निसा (आयत १३५) तर साक्ष स्वतःच्या विरुद्ध जात असली तरी न्यायावर ठाम राहण्यास सांगते. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर भरलेला फॉर्म ही अशीच एक साक्ष आहे.

दुसऱ्या बाजूचे कर्तव्य

एवढे ग्राहकाला सांगून थांबलो, तर तेही माप मारल्यासारखे होईल. हजरत शुऐब (अ.) यांनी आपल्या लोकांना, इतरांच्या हक्काच्या वस्तू कमी करून देऊ नका, असे बजावले होते. गाडी विकताना "काही होत नाही, खुशाल किट बसवा" असे सांगणारा आणि बिघाड झाल्यावर पुस्तिकेतील बारीक अक्षरांकडे बोट दाखविणारा विक्रेताही त्याच दोषाचा भागीदार आहे. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्न्यूसन–मॉस कायद्यानंतर, केवळ बाहेरचा भाग बसविला म्हणून हमी नाकारता येत नाही. त्या भागामुळेच नुकसान झाले हे कंपनीने दाखवावे, अशी तेथील फेडरल ट्रेड कमिशनची भूमिका आहे. आपल्याकडे भिस्त करारातील कलमांवर आणि ग्राहक कायद्यावर आहे. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'अन्याय्य करार' ही संकल्पना आली आहे, ग्राहक आयोगाचा मार्ग आहे आणि १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनही आहे. फेरबदल उघड सांगूनही रास्त दावा नाकारला गेला, तर या मार्गांनी भांडणे हे सब्राच्या विरुद्ध नाही.

आपली अनेक मुले गॅरेजमध्ये आणि सर्व्हिस सेंटरमध्ये काम करतात. त्यांनाही दोन शब्द सांगावेसे वाटतात. ओळखीच्या ग्राहकासाठी कापलेली वायर न पाहिल्यासारखे करणे ही मालकाची खियानत आहे, आणि मालकाला खूश करण्यासाठी असंबद्ध बिघाडाचे खापर बल्बवर फोडणे हा ग्राहकावर जुल्म आहे. जाणकाराचा शब्द दोन्ही बाजूंचा हक्क ठरवितो, म्हणून त्याची अमानत दोघांहून जड आहे.

आणखी एक माणूस या व्यवहारात असतो, जो समोर दिसत नाही. पुढे ही गाडी जुनी म्हणून विकली जाते, कधी उरलेल्या वॉरंटीसह. किट काढून, वायरी चिकटपट्टीने झाकून ती विकली, तर आपला लपविलेला दोष अशा कोणाच्या तरी पदरात पडतो, ज्याने आपले काहीच बिघडविलेले नाही. बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतील ओल बाहेर काढणाऱ्या प्रेषित (स.) यांनी ती ओल वर का ठेवली नाहीस, असे विक्रेत्याला विचारले होते. विक्री करण्यास मनाई नव्हती; ओल दिसू द्यावी, एवढीच अपेक्षा होती.

मग करावे काय?

फेरबदल करण्यापूर्वी वॉरंटीची पुस्तिका स्वतः वाचावी. समजत नसेल तर घरातील शिकलेल्या मुलामुलीकडून वाचून घ्यावी. विक्रेता "चालेल" म्हणाला, तर तेच त्याच्याकडून लिहून घ्यावे. सूरह बकराची सर्वांत दीर्घ आयत देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याविषयीच आहे. सीएनजीच हवा असेल आणि ऐपत असेल, तर कारखान्यातून सीएनजीवर येणारी गाडी घ्यावी. बाहेरून किट बसवायचे असल्यास मान्यताप्राप्त ठिकाणी बसवावे, बिल जपावे, आरसीत नोंद करावी, आणि इंधनात होणाऱ्या बचतीतून दरमहा थोडी रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला काढावी. वॉरंटीची जी छाया आपण स्वतःच्या निर्णयाने सोडली, तिची किंमत त्या बचतीनेच फेडावयाची आहे. बिघाड झालाच, तर गाडी आहे तशी न्यावी, काय काय बसविले ते सांगावे आणि प्रत्येक भागाचा हिशेब वेगळा मागावा.

आणि ज्याचे इंजिन आज उघडे पडले आहे, त्याला केवळ हा लेख देऊन आपली जबाबदारी संपत नाही. खरे बोलल्यामुळे ज्याच्यावर खर्चाचा डोंगर कोसळतो, त्याला कर्जे हसना देणे, त्याची गाडी दुरुस्त होईतो दुसरी गाडी चालवावयास मिळवून देणे, हे जमातचे काम आहे. सत्य बोलण्याचे सगळे ओझे एकट्या गरिबाने उचलावे आणि आपण केवळ नसीहत करावी, हे न्याय्य नव्हे.

खरेदी-विक्री करणाऱ्या दोघांनी खरे सांगितले व दोष उघड केला, तर त्यांच्या व्यवहारात बरकत होते आणि लपविले तर ती पुसली जाते, असे हदीसमध्ये आलेले आहे. अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो, रस्त्यावर फिरणाऱ्या आपल्या माणसांना सुखरूप घरी आणो आणि आपले शब्द व आपले कागद एकसारखे ठेवण्याची तौफीक देवो. आमीन.